मेजर जेवतो तिथे

मुकुलने ते यंत्र बनवलं ते माझ्या कटकटीला कंटाळून, हे आधीच सांगून टाकते. घरात एक कुत्रा आणि एक मांजर. केस गादीवर, केस चपातीच्या डब्यावर, एकदा तर सासूबाईंच्या निरांजनातल्या तुपात. मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळची शाळा असलेली बाई दिवसभर केर काढत बसू शकत नाही, हे मी नवऱ्याला समजावलं. तो कराडलाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. त्याने हातात केरसुणी घेण्याऐवजी यंत्र बनवायला घेतलं. इंजिनिअर माणसं अशीच असतात.

सत्त्याण्णव साल होतं. टाय लावून दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याच्या बोलण्याला भुलून घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर घरात पडून होता. मुकुलने त्याचं सामान काढून परातीएवढ्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. खाली चाकं, पाठीवर स्कूटरची बॅटरी, पुढे सायकलच्या ट्यूबचा पट्टा. पट्टा कशावर आपटला की आतलं बटण दाबलं जायचं आणि यंत्र मागे सरून, तोंड फिरवून दुसरीकडे निघायचं. बॅटरी उतरली की जिथे असेल तिथे थांबायचं. ओरडायचं मात्र पिठाच्या गिरणीसारखं. केस पोटातल्या कापडी पिशवीत जमायचे. मी खूश होते.

ठकी मांजर ते सुरू झालं की कपाटावर चढून बसायची. कुत्रा त्याच्यावर इतका भुंकायचा की शेजारी विचारायला यायचे. त्याचं नाव मेजर. ते माझ्या सासऱ्यांनी ठेवलं होतं. आबा फौजेत हवालदार होते. जन्मभर मेजरसाहेबांना सलाम ठोकले, आता मेजर माझं ऐकतो, असं म्हणून स्वतःच हसायचे. मेजर रोज त्यांच्या खुर्चीला टेकून, त्यांच्याबरोबरच जेवायचा.

पौषात आबा गेले. ताप आला, छातीत कफ भरला, आणि धड डॉक्टर बदलायलाही सवड मिळाली नाही. शुद्धीत शेवटचं जे बोलले ते कुत्र्याबद्दल. "मेजरला उपाशी ठिवू नगा." मुकुलने त्यांचा हात धरून शब्द दिला. पुढचं सगळं त्या शब्दापायी झालं.

माणूस गेलं की आमच्याकडे त्या जागी दिवा लावतात, भोवती पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर जे पाऊल उमटलेलं दिसेल, तो जन्म त्या जीवाला मिळाला असं धरतात. मी विज्ञान शिकवत असले तरी पीठ मीच चाळून दिलं होतं. प्रीतिसंगमावरच्या स्मशानातून माणसं परत आली तेव्हा पुढच्या खोलीभर चिखलाची पावलं झाली. अशा दिवशी केरसुणी कुणी धरायची यावर बायकांची चर्चा सुरू झाली, आणि डोकं ठिकाणावर नसलेल्या मुकुलने यंत्र चालू करून दिलं. टोपलीवर आपटलं की ते वळेल अशी त्याची खात्री होती. पण टोपली बांबूची, हलकी. बटण दाबलंच गेलं नाही. यंत्राने ती ढकलत नेली, दिवा विझला आणि पीठ त्याच्या पोटात गेलं.

सासूबाईंनी पुन्हा पीठ पसरलं, पुन्हा दिवा लावला. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं होतं.

"कोन आलंच न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मेजरने त्या दिवसापासून अन्न सोडलं. दूधभाकरी, अंडं, मटणाचा रस्सा, सगळं करून पाहिलं. तो खुर्चीपाशी पडून राहायचा. तेराव्यापर्यंत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि स्वच्छ सांगितलं की आता पोटात काही गेलं नाही तर हा जगणार नाही. मुकुल ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. बापाच्या मयतीला तो रडला नव्हता.

पाहुणे गेल्यावर घर झाडायला मी एका संध्याकाळी यंत्र लावलं. मेजरने मान वर केली. मला वाटलं, आता भुंकेल, बरं होईल. तो उठला, लटपटत यंत्राच्या मागे गेला आणि त्याच्यामागोमाग चालत राहिला. जिथे वळलं तिथे वळला. बॅटरी उतरून ते खोलीच्या मध्यावर थांबलं, तेव्हा त्याला अंग टेकून बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी ताटली नेऊन ठेवली. त्याने ती चाटून पुसून साफ केली.

आम्हाला किती आनंद झाला ते काय सांगू. मुकुल म्हणाला, आबांचा वास लागला असेल त्याला, पिशवीत त्यांच्या खोलीतली धूळ आहे. मलाही ते पटलं. मग पिशवी रिकामी करायचीच नाही असं ठरलं. रोज संध्याकाळी यंत्र लावायचं, ते थांबेल तिथे ताटली न्यायची. मेजर भरला, अंगावर तकाकी आली. ठकी मात्र कपाटावरून खाली यायची बंद झाली. तिचं दूध मी वर देऊ लागले.

यंत्र रोज थोडं दाराच्या बाजूला थांबतं, हे प्रथम माझ्या लक्षात आलं. मुकुल म्हणाला, फरशीला उतार असणार. त्याने नळीत पाणी भरून उतार तपासला. उतार होता, पण मोरीकडे. दाराच्या बरोबर उलट. मग त्याने चाकं उघडली, तेल घातलं, पुन्हा बसवली. यंत्र दाराकडेच जात राहिलं.

सासूबाई भाजी निवडत हे बघायच्या. त्या मेढ्याकडच्या डोंगरी गावच्या, उगाच बोलायच्या नाहीत. एकदा मी सहज म्हणून गेले की आबाच त्याला जेवू घालतायत असं वाटतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"ह्ये त्ये न्हाईत गं. त्येनी मेजरला कवाच दाराकडं न्हेऊन जेवाय घातलं न्हाई. आपल्या मांडीजवळ घ्यायचं."

"मग?"

"दुसरंच कोनतरी बलावतंय त्येला."

मला त्यांचा राग आला. चांगलं चाललंय त्यात काहीतरी अभद्र बोलायचं, असं वाटलं. पुढच्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर यंत्र पडवीत उभं होतं, मेजर त्याला टेकून. आमच्या दाराला वीतभर उंच उंबरा आहे. यंत्राची चाकं लिंबाएवढी. मी मुकुलला विचारलं, तू उचलून ठेवलंस का? तो माझ्यामागून स्वयंपाकघरातूनच आला होता, हात कणकेने भरलेले.

त्याने यंत्र उचललं आणि कपाटात बंद केलं. मेजरने त्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी त्याला माझ्या माहेरी सांगलीला घेऊन गेले. भावाकडे मोठं अंगण, दोन म्हशी, कौतुक करणारी माणसं. मेजर फाटकाकडे तोंड करून बसला. पाणीसुद्धा पिईना. भाऊ म्हणाला, ताई, हे माझ्या दारात मरायला नको. मी त्याला जीपमध्ये घालून परत आणलं. येताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते पिसासारखं हलकं लागत होतं.

घरी आल्यावर मुकुलने कपाट उघडलं.

यंत्र सरळ निघालं. केर नाही, वळणं नाही. फाटकापाशी थांबलं. मेजर जेवला.

त्यानंतरच्या संध्याकाळी फाटक लावलेलं होतं. यंत्राने त्याला धडक दिली, पण मागे सरलं नाही, वळलं नाही. धडक देतच राहिलं. बॅटरी उतरायची वेळ कधीच टळून गेली होती. मेजर शेजारी उभा, शेपूट हळूहळू हलवत. त्याला माझ्या हातातली ताटली दिसतच नव्हती.

मुकुल म्हणाला, "उघड भार्गवी. शब्द दिलाय मी."

मी फाटक उघडलं.

बाहेर गल्ली, गल्लीच्या टोकाला ऊस, उसापलीकडे नदी. अजून चांगला उजेड होता. यंत्र खडीवरून खडखडत चाललं होतं, मागे मेजर, त्याच्या मागे ताटली घेऊन मी. लोक बघत होते. मला त्याची लाज वाटली नाही, भीती वाटत होती.

उसाच्या कडेला यंत्र थांबलं.

मी खाली वाकून ताटली ठेवली. मान वर केली तेव्हा मेजर नव्हता.

ऊस हलला नव्हता. पाचोळा वाजला नव्हता. मी हाका मारल्या. मुकुल धावत आला, सरीसरीतून फिरला, नदीपर्यंत जाऊन आला. ओल्या मातीवर मेजरची पावलं यंत्रापर्यंत स्पष्ट आली होती. पुढे एकही नव्हतं.

यंत्र मी काखेत मारून घरी आणलं. मुकुलने त्याची बॅटरी काढून कॉलेजात नेऊन ठेवली आणि डबा माळ्यावर टाकला. आम्ही दोघांनी मेजरचा विषय काढायचा नाही असं न बोलताच ठरवलं. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करते. ठकी खाली उतरली, घरातून फिरायला लागली, आणि केस पुन्हा सगळीकडे झाले.

मग एक दिवस सासूबाईंनी दुपारी जेवायला नको म्हटलं. भूक नाही म्हणाल्या. रात्रीही नको. वय झालंय, दु:ख ताजं आहे, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा तसाच राहिला. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले.

संध्याकाळी मी मऊ भात कालवून ताट त्यांच्यापुढे नेलं. त्या पाटावर नीट बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेतलेला. चेहरा शांत होता. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"माळ्यावरचं त्ये आदी खाली काड," म्हणाल्या. "लाव. त्ये थांबंल तितं माजं ताट वाड."