एकोणपन्नासाव्या दिवशीची बुरशी

"इवाकुरासान, लगेच या. ह्यांच्या लेन्सच्या आत काहीतरी वाढलंय. मला बघवत नाही."

नोबुएबाईंचा फोन आला तेव्हा इवाकुराबाई जेवायला बसल्या होत्या. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून जिम्बोचो पेठेतल्या त्या तळघरातल्या कॉफीहाऊसात त्यांची रोजची बैठक होती. त्यांनी भाताची वाटी तशीच झाकून ठेवली.

लेन्स काउंटरवर होती. इवाकुराबाईंनी ती बल्बसमोर धरली. काचेच्या आत पांढरट जाळं पसरलं होतं, शिळ्या भातावर येतं तसं, आणि मधोमध एक पिवळट डाग. जेवण अर्धवट टाकून आले ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

कॉफीहाऊसचे मालक, म्हणजे नोबुएबाईंचे यजमान आणि सगळ्यांचे मास्तर, जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले होते; त्यांच्या बौद्ध रीतीने आज सुतक फिटत होतं. काउंटरवरच्या एका बल्बच्या उजेडात त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे टिपले. त्यासाठी पेटीभर लेन्स पारखून त्यांनी ही एकच ठेवली होती, युद्धाआधीची जर्मन. "नव्या लेन्समध्ये सुरकुत्या दिसतात, माणूस दिसत नाही," असं ते म्हणत.

या जातीच्या लेन्सला एक खोड असते. अंधारात जास्त उजेड घ्यायला ती पूर्ण उघडली की नेम, म्हणजे फोकस, डोळ्यावर धरला तरी स्पष्ट येतो तो नाकाचा शेंडा. म्हणून नेम धरून झाला की फोटो काढणारा किंचित पुढे झुकतो, मग डोळे स्पष्ट येतात. मास्तरांनी मात्र आपल्या लेन्सची ही खोड स्वतः मोडली होती. तिच्यात डोळ्यावर नेम धरायचा आणि बटण दाबायचं, बस.

"सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे," नोबुएबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर देवघरात लावायचा माझा फोटो ह्याच लेन्सने काढीन असं ते म्हणाले होते. मीच चालढकल केली, आणि तेच आधी गेले. निदान त्यांच्या शेजारी त्यांच्याच उजेडात बसावं, एवढंच माझं मागणं आहे."

"लेन्स होती कुठे?"

"अंत्यदर्शनाच्या रात्री त्यांच्या उशाशी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओल शोषणाऱ्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. आज उघडलं तर हे!"

"त्या रात्री उशाशी कोण होतं?"

"हे तिघंच. आळीपाळीने उदबत्ती लावत होते. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही पडा जरा."

तिघंही समोरच बसले होते. आज मास्तरांच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या जायच्या होत्या, आणि तिघांचेही डोळे कपाटाकडे लागले होते. तेराव्याच्या पंगतीत जिलबीकडे बघणारे लोक इवाकुराबाईंना यापेक्षा सभ्य वाटले असते.

"डॉक्टर, तुम्ही ही लेन्स वापरली होती?"

"कितीदा!" दाताचे डॉक्टर तोबारी म्हणाले. "माझ्याकडे अशा चार आहेत, पण प्रत्येकीपुढे वाकावं लागतं. मास्तरांची तेवढी सरळ चालायची."

"निशिओसान, तुम्ही?"

जुन्या कॅमेऱ्यांचे दुकानदार निशिओ सँडविच चावत होते. "दोनचारदा. झुकायचं नाही हे ठाऊक आहे. पण वहिनी, आता हिचं काय करणार? मी घेऊन जातो, सुट्या भागांना तरी होईल."

"आधी घास गिळा," इवाकुराबाई म्हणाल्या.

तिसरा कुनिएदा. लग्नाचे फोटो काढायचा आणि स्वतःला मास्तरांचा शिष्य म्हणवायचा. सकाळपासून त्याने रुमाल भिजवला होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यावर हुबेहूब तसलीच लेन्स.

"ही कुठली?"

"माझी. जात तीच, नंबर वेगळा. मास्तर गेल्यावर आठवण म्हणून घेतली."

"झुकावं लागतं?"

"लागतंच. सवय झालीय आता."

इवाकुराबाईंनी बुरशी लागलेल्या लेन्सच्या कड्यावरचा नंबर मोठ्याने वाचला. नोबुएबाईंना तो पाठ होता. "ह्यांचाच," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग प्रश्न मिटला," इवाकुराबाई म्हणाल्या. "लेन्स मास्तरांचीच, तळघराची ओल लागली. आता रडून काय उपयोग? तिघांनी वहिनींचा एकेक फोटो काढा. त्यातल्या त्यात बरा असेल तो ठेवू."

लेन्स मास्तरांच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढली. नोबुएबाई बल्बखाली बसल्या. तोबारींनी नेम धरला आणि बटण दाबलं. निशिओंनी हात पुसले, नेम धरला, बटण दाबलं. कुनिएदाने डोळे टिपले, नेम धरला, श्वास रोखून जरा पुढे आला आणि बटण दाबलं.

मग सगळे पडद्यावर वाकले. पहिल्या दोन फोटोंत नोबुएबाईंचं नाक तेवढं स्पष्ट होतं, डोळे धुक्यात. तिसऱ्यात पापणीचा केस न् केस दिसत होता. बुरशीमुळे चेहऱ्याभोवती दुधाळ उजेड पसरला होता.

"वा!" तोबारी म्हणाले. "मास्तरांचाच हात!"

"कुनिएदासान," इवाकुराबाईंनी विचारलं, "पुढे का झुकलात?"

"म्हणजे?"

"मास्तरांची लेन्स झुकायला लावत नाही. या दोघांना ते माहीत आहे, म्हणून ते झुकले नाहीत आणि फसले. ही लेन्स मास्तरांची नाही हे या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. वाईट फोटो काढून गप्प बसला असतात तर सुटला असतात. पण तेवढं तुमच्याच्याने होईना."

"नंबर मास्तरांचा आहे!"

"कडं मास्तरांचं आहे. ते पुढून फिरवलं की निघतं ना, निशिओसान?"

निशिओंनी चावणं थांबवून मान डोलावली.

"त्या रात्री वहिनींना झोपायला पाठवलंत. प्रेत शेजारी, उदबत्ती जळतेय, आणि तुम्ही मांडी घालून कडी फिरवत बसला होता. मास्तरांचं तुमच्या लेन्सला, तुमचं मास्तरांच्या लेन्सला. बदल्यात ठेवलीत तीही सडकी, म्हणजे चोरीतसुद्धा चिकटपणा. आणि खरी गळ्यात घालून आज इथे रडायला आलात. मी खुनी पाहिलेत, पण अशी शिसारी मला फार कमी वेळा आली. काढा ती लेन्स."

कुनिएदा हलला नाही. तोबारींनीच त्याच्या गळ्यातून कॅमेरा काढला. इवाकुराबाईंनी लेन्स मास्तरांच्या कॅमेऱ्यावर चढवली, पूर्ण उघडली आणि नोबुएबाईंच्या डोळ्यावर नेम धरला. पुढे मात्र त्या झुकल्या नाहीत.

"मास्तर असते तर मलाच दिली असती!" कुनिएदा ओरडला. "या बाईला काय कळतं त्यातलं? हिला नुसता मेल्यावर लावायला फोटो हवाय!"

नोबुएबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इवाकुराबाईंनी बटण दाबलं.

पडद्यावर दोन्ही डोळे लख्ख होते. न झुकता. लेन्स कोणाची, हे आता कुणाला विचारायची गरज उरली नाही. भोवतीचा अंधार मऊ होता, आणि त्या अंधारातून नोबुएबाई एका बाजूला बघत होत्या, घासात केस सापडावा तशा ओठ आवळून.

"अरेरे," तोबारी म्हणाले. "वहिनी, जरा हसा, दुसरा काढू."

"नको. हाच लावा," नोबुएबाई म्हणाल्या. "सोमवारी मी परत नाही आले, तर हा रडायला येणारच. तेव्हा त्याच्याकडे असं बघायला कुणीतरी हवं ना?"

मग त्यांनी कुनिएदाचा कॉफीचा कप दोन बोटांनी उचलला आणि धुवायला न ठेवता कचऱ्याच्या डब्यात टाकला.