चौथं वर्तुळ

निर्बंध उठले त्या सोमवारी औषधाच्या दुकानदाराने दारावरच्या सात नियमांपैकी पाच काढले आणि दोनच ठेवले: तोंडाला मास्क, आणि काउंटरपाशी एका वेळी एकच माणूस. मग गुडघे टेकून रांगेत अंतर राखायला फुटपाथवर काढलेली सहाही पिवळी वर्तुळं त्याने तारेच्या ब्रशने घासून काढली. चौथ्याला जरा जास्तच वेळ लागला.

"पाप धुतल्यासारखं काय घासताय?" आत गोळ्यांच्या पट्ट्या लावणारी बायको म्हणाली. ती गमतीतच बोलली होती, तरी त्याचा चेहरा उतरला.

दुपारी रांग लागली. लोक पुन्हा एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागले होते. फक्त तिसऱ्या गिऱ्हाइकामागे एका माणसाची जागा रिकामी होती आणि तिच्यामागे शेजारचा शिंपी उभा होता.

"सरका की पुढे!" दुकानदाराने आतून हाक दिली.

शिंप्याने नुसती मान हलवली. सवय, दुकानदाराने मनाची समजूत घातली. इतके महिने लांब उभं राहिलेली माणसं एका दिवसात कशी चिकटतील?

मंगळवारी रिकामी जागा तिसरी होती. बुधवारी दुसरी. रांगेतली माणसं रोज वेगळी असायची, पण त्या जागेत कोणी पाय टाकत नव्हतं.

चौथ्या वर्तुळात कोण उभं होतं, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक होतं.

कडक बंदीत दुकान दोनला बंद व्हायचं. एके दिवशी पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा बायकोसाठी श्वासाचा पंप घ्यायला आले होते आणि चौथ्या वर्तुळात उभे राहून सारखे खोकत होते. पुढचे तिघे एकेक करून औषध घेऊन गेले, आजोबांनी काउंटरकडे पाऊल उचललं, तशी दुकानदाराची पाचावर धारण बसली. "दोन वाजले, आजोबा. नियम म्हणजे नियम," म्हणत त्याने शटर ओढलं. आजोबांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. "तुमचंही बरोबर आहे," म्हणाले आणि वळले. आजी त्याच संध्याकाळी गेल्या, आजोबा महिन्याभराने.

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. संकटात देवासारखे उभे राहिलात, असं कोणी म्हटलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी काउंटरसमोर कोणीच नव्हतं.

रांग होती. एका माणसाची जागा सोडून शिंपी सगळ्यात पुढे उभा होता.

"या ना," दुकानदाराचा आवाज चिरकला.

"एका वेळी एकच. तुम्हीच लिहिलंय ना?" शिंपी म्हणाला. "त्यांचं होऊ दे आधी."

दुकानदाराने फळीवरून पंप काढला आणि काउंटरवर ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "चुकलो मी."

पंप जागचा हलला नाही.

शिंप्याने कान पुढे केला, जरा वेळ ऐकलं.

"विचारतायत, दोन वाजले का?"

दुकानदाराला मान वर करवेना.

आत पाठमोरी बसलेली बायको घड्याळाकडे बघून, हातातलं काम न थांबवता म्हणाली,

"छे हो आजोबा, अजून दहा मिनिटं आहेत."