सव्वीस तारखेची पेटी

भोसरीतल्या ‘हिमकण शीतयंत्रे’च्या प्रयोगशाळेत एका लांब टेबलावर तीन पेट्या मांडल्या होत्या, आणि धनराज नेहेते त्यांच्याकडे मुलीसाठी स्थळं पाहायला आलेल्या बापासारखे पाहत होते. सदतीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात लशींची शीतसाखळी सांभाळली होती. औषध दोन अंशांच्या खाली गेलं तरी वाया आणि आठच्या वर गेलं तरी वाया, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की निवृत्तीनंतरही घरच्या फ्रीजचं तापमान ते सकाळ-संध्याकाळ वहीत टिपत. त्या फ्रीजमध्ये बहुधा कोथिंबीर असे. आणि बायकोचं, शैलजाताईंचं इंजेक्शन.

पेटी हवी होती ती त्या इंजेक्शनसाठीच. शैलजाताईंना संधिवात होता. दर आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं तर बोटं वळत, नाही घेतलं तर सकाळी चहाचा कपही धरवत नसे. तीस वर्षं त्यांनी नाशिकच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यातले शंखाकृती जीवाश्म फळ्यावर खडूने काढून दाखवले. हातात मात्र एकही घेतला नव्हता. “पुढच्या वर्षी बोटं मिटतील की नाही सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले होते. ऑक्टोबरात खोऱ्याचा रस्ता बर्फाने बंद होतो. म्हणून हा सप्टेंबर. पंधरा तारखेला निघायचं, अठरा दिवसांनी परतायचं, आणि वाटेत दोन इंजेक्शनं: एकवीसला एक, अठ्ठावीसला एक.

“ही पहिली कॉम्प्रेसरवाली,” डॉ. रेवती टिपरे म्हणाल्या. पेट्यांची रचना त्यांचीच. “उत्तम गार करते. बॅटरीसकट एकतीस किलो.”

“उचलणार कोण?”

“ही दुसरी हलकी आहे. बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांनी गार राहते.”

“राजस्थानात बाहेर अडतीस असले तर आत अठरा. त्यापेक्षा मी इंजेक्शन ओल्या फडक्यात गुंडाळून देवाचं नाव घेईन. तिसरी?”

तिसरी पेटी करड्या रंगाची होती. मागे जाळी नाही, पंखा नाही. पुढे एक चकती, तिच्यावर एक ते तीस आकडे.

“तापविलंबक पेटी,” डॉ. टिपरे म्हणाल्या. “फ्रीज गारवा तयार करत नाही, सर...”

“ते मीच लोकांना सांगत आलोय. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो.”

“बरोबर. उष्णता नाहीशी होत नाही, कुठेतरी टाकावीच लागते. आजवर आपण ती दुसऱ्या जागी टाकत होतो. ही पेटी ती दुसऱ्या दिवशी टाकते. ह्याच पेटीच्या भिंतींत, पण चकतीवर जितके दिवस लावाल तितक्या दिवसांनी. भिंतींमध्ये विलंबस्फटिक आहेत, त्यांची आजची आणि पुढची अवस्था जोडलेली असते. बॅटरी लागते ती फक्त मधलं दार उघडं ठेवायला. म्हणून वजन चार किलो.”

“थोडक्यात, आजचं काम उद्यावर ढकलायचं.”

“तसं म्हणा.”

“हे तंत्रज्ञान आमच्या खात्यात फार जुनं आहे,” नेहेते म्हणाले. “आणि ज्या दिवशी उष्णता यायची, त्या दिवशी पेटीच नसली तर?”

“तर उष्णता जाणारच नाही. पलीकडचं दार नसेल तर अलीकडचं उघडत नाही. पेटी गार होणार नाही, इतकंच. आणि स्फटिक एकदा सुटे झाले की पेटी संपली. परत जोडले तरी ती नवी पेटी.”

डॉ. टिपरेंनी हे वॉशिंग मशिनची गॅरंटी सांगावी तसं सांगितलं, आणि नेहेत्यांनीही तसंच ऐकलं. ते पेटी घेऊन नाशिकला आले.

शीतसाखळीतल्या जुन्या माणसांची एक पद्धत असते. नवी पेटी आली की आधी एक दिवस रिकामी चालवायची, तीही सगळ्यात अवघड कामावर. दहा सप्टेंबरला नेहेत्यांनी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चकती तिसावर लावली. दोन तासांनी आत एकोणतीस अंश, बाहेरही एकोणतीस. त्यांनी माहितीपुस्तिका काढली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: ‘पेटी गार होत नसल्यास दिवसांचा आकडा कमी करून पाहावा.’

त्यांनी करून पाहिला. पंचवीस: नाही. वीस: नाही. सोळा: नाही. पंधरा लावताच अर्ध्या तासात आत पाच अंश झाले. पुन्हा सोळा: तापमान वर. पुन्हा पंधरा: खाली.

नेहेत्यांनी वहीत ‘पंधरा’ लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. दहा आणि पंधरा, पंचवीस. पंचवीस सप्टेंबरला ही पेटी आहे. सव्वीसला नाही.

मग त्यांनी सहलीचा कागद उघडला. सव्वीस तारखेच्या रकान्यात शैलजाताईंच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काझा ते लोसर. रस्ता अरुंद. डावीकडे दरी.’

सव्वीसला तिथे पोचायचं नाही म्हणून त्यांनी मुक्काम मागेपुढे केले, तरी सोळा चालेना. मनाशी ठरवलं, स्पिती रद्द, कच्छला जाऊ. सोळा चालेना. घरीच बसायचं ठरवलं, आणि देवाला नमस्कार करावा तशी चकती फिरवली. पेटी पंधरावरच अडून बसली.

अकराला त्यांनी कंपनीला तक्रार लिहिली: ‘पेटी सदोष आहे.’ बायकोलाही तेच सांगितलं.

“सदोष म्हणजे काय?” शैलजाताई म्हणाल्या. “पंधरावर चालते म्हणालात ना काल?”

“सोळावर चालत नाही.”

“अहो, मी तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात. तुमचं कपाळ बघा. सरळ सांगा.”

नेहेत्यांनी सरळ सांगितलं. शैलजाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या बोटांकडे पाहिलं.

“म्हणजे रस्त्यात आपण दोघंही...?”

“पेटी नाही एवढंच कळतं. पेटीबरोबर कोण, ते पुस्तिकेत नाही.”

तेराला कंपनीचं उत्तर आलं. नियम नऊनुसार तक्रार आलेली प्रत्येक पेटी कारखान्यात पूर्ण सुटी करून तपासली जाते. आपल्या पेटीच्या तपासणीसाठी सव्वीस सप्टेंबर ही तारीख दिलेली आहे. बदली पेटी अहवालानंतर, सुमारे तीन आठवड्यांनी.

नेहेत्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि डॉ. टिपरेंना फोन लावला.

“मॅडम, आजवर किती पेट्या परत आल्या?”

“त्रेचाळीस. सगळ्या खोलल्या. गंमत म्हणजे एकीतही दोष सापडला नाही.”

“सापडेल कसा? तुम्ही खोलणार होतात म्हणून त्या गार होत नव्हत्या. गार होत नव्हत्या म्हणून लोकांनी तक्रार केली. तक्रार केली म्हणून तुम्ही खोलल्या.”

पलीकडे फायलीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

“सर,” डॉ. टिपरे अखेर म्हणाल्या, “मी आत्ता संचालकांकडे जाते. आजपासून एकही पेटी खोलायची नाही.”

“जाऊन या. पण ते ऐकणार नाहीत.”

“का?”

“ते ऐकणार असते तर माझी पेटी सोळावर चालली असती.”

तासाभराने त्यांचा फोन आला. संचालक म्हणाले होते, नियम म्हणजे नियम.

शैलजाताई पत्र हातात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा कोडं सुटलेल्या मुलीसारखा झाला होता.

“अहो, चला.”

“कुठे?”

“स्पितीला. अठरा नाही, अकरा दिवस. पंधराला निघू, पंचवीसला परत, सव्वीसला सकाळी पेटी भोसरीत. एकवीसचं एकच इंजेक्शन लागेल. अठ्ठावीसचं घरी येऊन.”

“पण पेटी...”

“पेटी पंचवीसपर्यंत आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. दरी असो, दरड असो, पंचवीसपर्यंत तिला कुणी हात लावू शकत नाही. अख्ख्या देशात इतकी सुरक्षित वस्तू नसेल.”

“पेटी सुरक्षित आहे, शैला. आपण नाही.”

“मी ती मांडीवर घेऊन बसेन,” शैलजाताई म्हणाल्या. “जे काय होईल ते आधी तिला होऊ दे.”

ह्या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे असं नेहेत्यांना गुजरातची हद्द ओलांडेपर्यंत वाटत होतं. पुढे त्यांनी शोधायचं सोडलं.

चकती ते रोज सकाळी एकाने कमी करत. निघाले त्या दिवशी दहा, मग नऊ, मग आठ. राजस्थानातलं ऊन, पंजाबातला उकाडा, पेटीत शिरू पाहणारी सगळी उष्णता पंचवीस तारखेच्या दिशेने निघून जात होती. आत पाच अंश. वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद. अरुंद रस्त्यावर ट्रक समोर आला की नेहेते पेटीकडे पाहत, आणि पेटी जागेवर आहे हे दिसलं की ब्रेक जरा उशिरा दाबत. शैलजाताईंनी ते ओळखलं आणि एकदा चिमटा काढला.

वीसला ते लांग्झाला पोचले. साडेचौदा हजार फुटांवरचं गाव, उतारावर काळा शेल दगड आणि ओढ्याच्या काठाला जीवाश्म. एकवीसला इंजेक्शन झालं. पण तिथली थंडी औषधाला जुमानेना. शैलजाताई ओढ्याकाठी वाकल्या, समोर वळ्यावळ्यांचा एक दगड पडला होता, बोटं त्याच्यापर्यंत गेली आणि लाकडासारखी सरळच राहिली. नेहेते उचलून द्यायला पुढे झाले.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दिलेला म्हणजे फळ्यावरचाच.”

बावीसला परत निघायचं होतं. घाटात दरड कोसळल्याची खबर आली. दुसऱ्या बाजूचा रस्ताही बंद. तेवीस गेली, चोवीस गेली. घरमालकीण छेरिंग डोल्मा रोज हिंदीत सांगे, “कल खुलेगा,” आणि चहात लोणी घाली.

पंचवीसला सकाळी नेहेत्यांनी सवयीने पेटीला हाताचा मागचा भाग लावला आणि झटकन काढला. पेटी गरम होती, उन्हात ठेवलेल्या विटेसारखी.

“शैला, राजस्थान आलं!”

शैलजाताईंनी पेटी पुन्हा मांडीवर घेतली, शालीत गुंडाळली आणि दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले. दुपारपर्यंत तशाच बसल्या. बाहेर पाणी गोठत होतं, आणि त्यांच्या हाताखाली जैसलमेरच्या रस्त्यावरची दुपार बाहेर पडत होती. एक वाजता त्यांनी करंगळी मिटली. मग सगळी बोटं. कुणाला काही न सांगता त्या ओढ्याकडे निघाल्या. मागोमाग नेहेते, पेटी घेऊन, दूधवाल्यासारखे.

दगड त्यांनी स्वतः उचलला. मूठ त्याच्याभोवती मिटली.

“पंधरा कोटी वर्षं,” त्या म्हणाल्या. “आणि वजन बघा, बटाट्याएवढं.” वर्गात उभ्या असल्यासारखं त्यांनी वळ्यांवरून बोट फिरवलं, मग दगड होता तिथेच, तसाच ठेवून दिला. तो न्यायचा नसतो.

सव्वीसला नेहेते लवकर उठले. पेटी थंडगार पडली होती. भोसरी दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब. कंपनी आज ही पेटी खोलू शकत नव्हती. पण पेटी आज संपणार होती, आणि कशाने ते माहीत नव्हतं. छप्पर? आग? की रस्ता उघडल्यावर पहिलंच वळण?

ते अंगणात पेटीपुढे बसून राहिले. सदतीस वर्षांत त्यांनी चालू पेटीचं बटणसुद्धा कधी बंद केलं नव्हतं. मग ते घरात गेले आणि छेरिंग डोल्माकडे पेचकस मागितला.

चोवीस स्क्रू होते. शैलजाताई चहाचा पेला धरून पाहत होत्या. शेवटची भिंत सुटली तेव्हा एक बारीक टक्क झालं, आणि चकतीवरचा दिवा गेला. नेहेत्यांनी भोसरीला फोन लावला.

“मॅडम, पेटी खोलली. तुमच्याच तारखेला.”

“काय निघालं, सर?”

“काही नाही. दोष नाही. त्रेचाळीस अधिक एक.” त्यांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळले. “हे मी केलं, शैला, की होणारच होतं?”

“स्क्रू कुणी काढले?”

“मी.”

“मग मला काय विचारता?”

अकरा वाजता रस्ता उघडल्याची बातमी आली. त्यांनी भिंती वर्तमानपत्रात बांधून मागच्या सीटवर टाकल्या आणि निघाले. लोसरच्या पुढे रस्ता एकदम अरुंद झाला, डावीकडची जमीन संपली. नेहेत्यांनी सवयीने शेजारी पाहिलं. शैलजाताई खिडकीची काच खाली करून खडकांचे थर मोजत होत्या.

“अहो, समोर बघा,” त्या म्हणाल्या.

समोर आंधळं वळण होतं. पलीकडे काय आहे, हे आता जगातल्या कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हतं. नेहेत्यांनी वेळेवर ब्रेक दाबला, लांबलचक हॉर्न दिला, आणि हळूहळू वळण घेतलं.