चौथा सांगाडा

बसा जवळ, आणि ते मोबाइल खिशात घाला. हे मला हसनैनने स्वतः सांगितलं, आणि तो फेकणाऱ्यातला नाही.

चोवीस साली, चौदा डिसेंबरला, शनिवारी संध्याकाळी तो रिसोडला वहाब टेलरकडे शिवलेले कपडे आणायला गेला. पोरं मिळून मोबाइलवर सिनेमा काढत होती, हसनैन दिग्दर्शक. मेलेले सांगाडे मातीतून उठतात आणि गावात शिरतात, एवढीच गोष्ट. काळ्या कापडावर पांढरी हाडं, वर मुखवटा, चारही सूट एकाच मापाचे. वहाबभाईंनी हात जाईल तिथे खिसा लावला होता.

"चाचा, सांगाड्याले खिसा कायले?"

"मंग तंबाखू कुठं ठेवन तो?"

गावात परतल्यावर गणेशची आई लिलाबाई दारातच भेटली. "माह्या पोराले मातीत झोपवून राह्यला म्हणे. तुह्या भरोशावर सोडलं त्याले." हसनैनने शब्द दिला.

त्याच रात्री गावाबाहेरच्या पडीक वावरात चार उथळ खड्डे खणले. गणेश, राजपाल आणि आणखी दोघं आडवे झाले. अंगावर ओलसर काळी माती, तोंडाशी श्वासासाठी ठिबकच्या नळीचा तुकडा. पावणेबारा वाजले होते. चांदणं टिपूर होतं.

"उठा," हसनैन ओरडला.

एक उठला. दुसरा उठला, त्याच्या पायातली निळी चप्पल दिसत होती. तिसरा. मग जरा वेळाने चौथा, आणि तो काय उठला! महिनाभर घसा फोडूनही कुणाला जमलं नव्हतं, असा चालला. हसनैन मनात खूश झाला. चौथा मोबाइलच्या अगदी जवळून गेला आणि बाभळीकडे चालत राहिला.

"बस, झालं."

हसनैनने मोजले. चार. नावं मात्र घेतली नाहीत. तिथेच तो चुकला.

तिघांनी मुखवटे काढले. "गणेश कुठं चालला बे?" राजपाल म्हणाला.

"ए गणेश..."

बाभळीखालचा थांबला. वळला नाही.

राजपालची नजर खड्ड्यांकडे गेली. तीन उघडे. चौथ्यावरची माती... तशीच. सपाट. नळी बाजूला पडलेली.



मग हसनैन धावला. हातांनीच उकरू लागला. नखं फुटली. हाताला छाती लागली. तोंडावर एक मोठं ढेकूळ. ते उचललं. खाली गणेश. ओठ निळे. श्वास नाही...

नाही...

मग एक खोकला.

हसनैन तिथेच ढसाढसा रडला.  बाभळीकडे पाहिलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

गणेश आता ठणठणीत आहे. एवढा वेळ मातीखाली तो जगला कसा, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. त्याचे दोन्ही हात मांड्यांशी मातीत दाबलेले होते.

ते ढेकूळ लिलाबाईने फडक्यात बांधून ठेवलंय. मी पाहिलंय. खालच्या बाजूला पंजाचा ठसा आहे, पोराच्या तोंडावर माती पडू नये म्हणून कुणी हात आडवा धरावा तसा. नखं नाहीत. कातडीची एक सुरकुती नाही. नुसती पेरं.