मागांपलीकडची कविता

दारातल्या चपला वाढलेल्या दिसल्या आणि ताईनं आपल्या खोलीचं दार नेहमीसारखं आतून लोटून घेतलं...

आज कुणी सांगितलं नव्हतं. पण धाकटा भाऊ नवा नवा प्राचार्य झाला, तेव्हा पाहुण्यांदेखत म्हणाला होता, “ताई, एवढ्या मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून बोलू नकोस गं!” ते शब्द तिनं ऐकले नव्हते, त्याच्या ओठांवरून वाचले होते, म्हणूनच की काय, ते कधी पुसलेच गेले नाहीत!

तिचे कान कापडाच्या यंत्रमागांनी नेले होते. आई गेली, तशी आपली शाळा सोडून ती कारखान्यात उभी राहिली. त्या खडखडाटात साऱ्याजणी ओठांनीच बोलायच्या. डबा घेऊन येणारा धाकटाही ते शिकला. मागापलीकडे उभा राहून, आवाज न करता अख्खी कविता म्हणून दाखवायचा! अडखळला की ती सूत सांधता सांधता डोळे वटारायची, “पुन्हा म्हण. पहिल्यापासून!” किती भरलेले दिवस होते ते...

दार उघडलं. धाकट्याची सून होती. “आत्याबाई, बाहेर चला ना! बाबांनी पाटी भिरकावली. नुसते ओठ हलवताहेत, कुणाला काही कळेना!”

ताई लगबगीनं निघाली. सभा गाजवणारा त्याचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनं नेला, तेव्हापासून तो पाटीवर लिहायचा. ओठ मात्र घट्ट मिटलेले. वेडंवाकडं तोंड प्राचार्यांना कसं शोभावं!

बैठकीत त्याचे जुने विद्यार्थी अवघडून बसले होते. तिला पाहताच त्याचे ओठ सावकाश हलले, थेट मागापलीकडून हलायचे तसे... “ताई, शेजारी बस. मी बोलतो, तू यांना सांग. हिनं शाळा सोडली, म्हणून मी शिकलो. आणि मी हिलाच दाराआड ठेवलं.”

“काय म्हणतात सर?” ती बसताच एकानं तिच्याकडे वळून विचारलं.

भावाची मान चारचौघांत आपल्याच तोंडानं खाली घालायची? देवा!

“तो म्हणतोय... चहा गार होतोय, घ्या!”

धाकट्याचे खांदे हसण्यानं गदगदले, डोळे मात्र वाहत होते. त्यानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि डोळे वटारले.

“लबाड! अडखळलीस. पुन्हा म्हण. पहिल्यापासून!”

ताई उठली. पदर सावरला. आणि कारखान्यातल्या त्याच मोठ्या, ओबडधोबड आवाजात, तोंड हवं तसं वेडंवाकडं करत, तिनं पहिल्या शब्दापासून सुरुवात केली...