पाणबुडीच्या डब्यातली टोपी

१९४४ साल. नंदुरबार स्टेशनात युद्धप्रदर्शनाची गाडी उभी होती. तिच्या एका डब्यात पाणबुडीचा देखावा होता, आणि त्यातल्या लाकडी खलाशाची टोपी नाहीशी झाली होती.

"पाचला गाडी सुटेल, साहेब," पहारेकरी कय्युम खासगी तपासनीस इंद्रसिंगांना म्हणाला. "टोपी मिळाली नाही तर नोकरी जाईल, वर पोलिसांत देतील. घरी लहान पोरं आहेत."

"आत कोण गेलं होतं?"

"कोरीटच्या शाळेची बारा पोरं, हिंमतराव मास्तर आणि बैलगाडीवाले भिलाबाबा. सगळ्यांचे खिसे, पिशव्या तपासल्या. बाबांची बंडीसुद्धा झटकली."

"पोरांचाच उद्योग," हिलाल म्हणाले. हे कंपाउंडर इंद्रसिंगांचे सोबती. डोकं सावकाश, जीभ घाईची. डब्याच्या ठेंगण्या दारावर त्यांनी कपाळ आपटून घेतलंच.

"भिलाबाबा तर उंच. ते कसे गेले?" इंद्रसिंगांनी विचारलं.

"जाताना पागोटं काढून काखेत धरलं. येताना डोक्यावरच होतं. गुडघ्यांवर बसून सरकत आले बिचारे."

मास्तर फलाटावर पोरं मोजत होते. "पोरांना देखाव्यातल्या स्फोटाचंच कौतुक. भिलाबाबांनी मात्र एकच विचारलं, आगबोट बुडनी तं मानूस कितला येळ जगस?"

"त्यांचं कोणी आगबोटीवर आहे?"

"मुलगा, दोधू. त्याची आई धनुबाई रोज टपालवाल्याला अडवते."

स्टेशनाबाहेर भिलाबाबा बैलांना चारा घालत होते. इंद्रसिंग शेजारी बसले.

"बाबा, कय्युमने सगळं तपासलं, पण वडीलधाऱ्याच्या पागोट्याला हात कोण लावणार? जाताना तुम्ही ते काढलंत. येताना त्याच दारातून गुडघे खरचटत आलात, पण काढलं नाहीत. त्यात टोपी होती. दोधूची आगबोट पाणबुडीनेच बुडवली ना?"



भिलाबाबांनी पागोटं उतरवलं आणि टोपी पुढे केली. "तार ऊनी, महिना व्हयना. देह नई. पळसना पानंसना पुतळा करीसन जाळनं पडी. त्याना डोकावर काहीतरी पाहिजे व्हतं. घरना कपडा काढसू तं तिले समजी जाई."

"धनुबाईंना सांगितलंच नाही?"

"नई."

इंद्रसिंगांनी टोपी हातात घेतली. "टोपी परत द्यावी लागेल, बाबा. नाहीतर त्या कय्युमचं घर बसेल. आज धनुबाईंना सांगा. दोधूचा सदरा त्यांच्याच हातून घ्या."

"सांगसू," भिलाबाबा म्हणाले. "पन जवलोंग सांगेल नई, तवलोंग तिना पोऱ्या जित्ता शे, साहेब."

इंद्रसिंगांनी टोपी कय्युमकडे पोचवली. पोरं बैलगाडीत दाटीवाटीने बसली आणि भिलाबाबांनी बैल जुंपले. कोरीटपर्यंतच्या वाटेत त्यांनी बैलांना एकदाही जोरात हाकललं नाही, असं मास्तर पुढे सांगत.