मधले अकरा सेकंद

मी चित्रपटांचं संकलन करते. मामा दिग्दर्शक. त्याच्या शेवटच्या चित्रपटाच्या वेळी आम्ही रोज सकाळी नऊला त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत बसायचो. मी कॉम्प्युटरसमोर, तो माझ्या मागे आरामखुर्चीत.

"सीन कुठे संपवायचा ते कुणालाही कळतं," तो म्हणायचा. "माणूस एका सीनमधून निघाला की दुसऱ्यात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते कळलं पाहिजे."

गोष्ट एका म्हाताऱ्या जोडप्याची होती आणि चित्रीकरण याच घरात झालं होतं. अडलं ते सतराव्या सीनपाशी. बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावरून उठते, आणि अठराव्यात नवरा बाल्कनीत एकटा. आठवडाभर मी तो सांधा जुळवत होते. दर वेळी पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

"मध्ये कुणीतरी चालायला हवं होतं," मामा म्हणाला. "तो शॉट मी घेतलाच नाही. माझंच चुकलं."

मंगळवारी सकाळी फाइल उघडली, तर त्या दोन सीनच्या मध्ये अकरा सेकंदांचा एक शॉट होता. घरातल्या बोळातून एक बाई पाठमोरी चालत जाते. हातात कप. डावा पाय किंचित ओढत. बाल्कनीच्या दारापाशी थांबते, कोपरानं दार ढकलते, आणि तिथे नवऱ्याचा सीन सुरू होतो. सांधा शोधूनही सापडला नसता.

ती आमची नटी नव्हती. ती चाल मी लहानपणापासून ओळखत होते. मामीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मला वाटलं, कधीतरी घरात घेतलेला जुना तुकडा असेल, माझ्याच हातून चुकून आत आला असेल. पण बोळाची भिंत हिरवी होती. ती आम्ही याच उन्हाळ्यात, चित्रीकरणासाठी रंगवून घेतली होती.

मामानं शॉट तीनदा पाहिला. चष्मा काढून पुसला.

"हिला कितीदा सांगितलं, कॅमेरा चालू असताना मध्ये येऊ नकोस," तो म्हणाला. "जन्मात कधी ऐकलं नाही."

"मामा, हे आलं कुठून?"

"कट नीट बसलाय ना? मग पुढे चल."

त्या दिवसापासून जिथे अडेल तिथे तो मला रिकामी जागा सोडायला लावू लागला. इथे चार सेकंद, तिथे सहा. चित्रपटाची डिस्क मी संध्याकाळी पिशवीत घालून माझ्या घरी न्यायचे. सकाळी जागा भरलेल्या असायच्या, मामी नेहमी पाठमोरी. मामी पडदा सारते. मामी जिन्यात दम खाते. मामी फ्रेमबाहेर कुणाला तरी काही सांगते, आणि पुढच्या सीनमधला नवरा नेमकी तिकडेच मान वळवतो. मामा खुर्चीत गालातल्या गालात हसायचा. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण सकाळी डिस्क जोडायची घाईही मलाच असायची.

शेवटच्या सीननंतर त्यानं जागा सोडू दिली नाही. "इथे थेट अंधार," म्हणाला.

तरीही शुक्रवारी तिथे शॉट होता.

आम्ही बसलो होतो त्याच खोलीचं दार. मामी उंबऱ्याबाहेर उभी. पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसत होता. ती आरामखुर्चीकडे बघत होती. घाई नव्हती तिला.

"जरा आखूड झालाय," मामा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "असू दे. लांबवेल ती."

दुपारी जेवून तो आडवा झाला तो उठला नाही.

चित्रपट मी एकटीनं पुरा केला. शेवटचा शॉट पुन्हा पाहिला, तेव्हा दारात कुणी नव्हतं. दार नुसतं उघडं होतं.

आता मी घरूनच काम करते. चित्रपट दुसऱ्याचा, डिस्क नवी.

काल फाइल उघडली. दोन सीनच्या मध्ये एक शॉट होता.

माझी झोपायची खोली. दुपारचं ऊन. कॅमेरा सावकाश पलंगाजवळ येतो. एक हात पुढे होऊन माझी सरकलेली चादर सारखी करतो.

मी जागी आहे. त्या हाताकडे बघून मी ओळखीचं हसते आणि उठायला माझा हात पुढे करते.

ती दुपार मला आठवत नाही. ती अजून यायची असावी.